पुराणकथांचा पेपर: अश्वत्थामा अस्तंब्यावर, आम्ही 'टिपा लिहा'त

तापीकाठची
टीवाय बीएला आम्हाला पुराणकथांचा एक पेपर आहे. विषय जिवापाड आवडतो, म्हणूनच लिहितेय. एका सत्रात समुद्रमंथनापासून ट्रॉयच्या युद्धापर्यंत सगळं उरकायचं. प्रत्येक कथेचा सारांश, खाली तात्पर्य, परीक्षेत 'टिपा लिहा'.

महाभारतातल्या सौप्तिकपर्वाला एक तास मिळाला. अश्वत्थाम्याने झोपेतल्या द्रौपदीपुत्रांना मारलं, कृष्णाने तीन हजार वर्षं भटकण्याचा शाप दिला, झालं. वर्गातली तळोद्याकडची मुलं दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला जातात. अश्वत्थामा सातपुड्यात आहे म्हणून माणसं धनत्रयोदशीच्या सुमारास तो डोंगर चढतात. शापात आहे की त्याला कुणाची सोबत मिळणार नाही, कुणी त्याच्याशी बोलणार नाही. आणि इथे त्यालाच भेटायला लोक रात्रभर चालतात! हे कसं घडलं, असं वर्गात कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

माझं म्हणणं: कथा निम्म्या करा, पण प्रत्येक दोनदा वाचा, एकदा ग्रंथातली, एकदा इथली. एरंडोलला एकचक्रानगरी म्हणतात, भीमाने बकासुर तिथे मारला असं सांगतात. आदिपर्वातला तो भाग वाचून मग एरंडोलला जाऊ. आणि इंटर्नलचे गुण घरातून लिहून आणलेल्या कथेला द्या, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गौराई असो की आमच्या खान्देशातली देवी कानबाई.

फळा-खडू
मी हाच विषय शिकवतो. तळमळ पटली, उपाय नाही. निम्म्या वर्गाला द्रोण कोण हे सांगावं लागतं, तिथे दुसरं रूप कुठून आणू? भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. एवढ्या कष्टाने ठरवलेल्या पाठाशेजारी 'आमच्या गावात असं सांगतात' हे ठेवायचं? आणि पेपर कशावर तपासायचा? दोन परीक्षकांनी दोन वेगळे गुण दिले, तर भोगायचं मुलांनीच.

तापीकाठची
सर, त्याच आवृत्तीत प्रत्येक पानाखाली पाठभेद, म्हणजे हस्तलिखितांतले वेगळे शब्द नि ओळी, छापलेत. संपादकांनी ते फेकले नाहीत, जपले. मला वर्गात तेवढंच हवंय.

धुळ्याची सून
पोरी, राग मानू नको, पण कानबाईला यात ओढू नको. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी ती बसते. नारळाला नथ-डोळे लावून सजवतो, बाया रात्रभर गाणी म्हणतात, सोमवारी नदीवर नेताना डोळ्याला पाणी येतं. रोटाचा प्रसाद तर भाऊबंदकीबाहेर जात नाही. ती आमच्या घरची आहे. तिला मिथक म्हणून वहीत उतरवणार आणि सर त्यावर लाल पेनाने गुण देणार? मला नाही सहन होणार.

अक्राणीचा
मी पावरा आदिवासी. धागा वाचून बरं वाटलं आणि थोडी भीतीही. आमची देवी याहामोगी देवमोगऱ्याला, गुजरातेत. महाशिवरात्रीला नंदुरबारकडून गाड्या भरून लोक जातात. तिचं नाव कॉलेजात एकदाही ऐकलं नाही, म्हणून मागणी रास्त आहे. पण सहल काढून, मोबाईल समोर धरून 'आजोबा, कथा सांगा' करायला येऊ नका. काही गाणी विधीतच म्हणतात, मध्येच कुणी सांगितलं म्हणून नाही. जो गाणारा स्वतः तयार असेल त्याला वर्गात बोलवा. पाहुण्या व्याख्यात्याला जे मानधन देता तेच त्याला द्या, आणि काय लिहून घ्यायचं ते त्याला ठरवू द्या.

तापीकाठची
काकू, घरच्या कथेला गुण ही सूचना मागे घेते. माझ्या आजीला विचारलं, तीही हेच म्हणाली, फक्त तुमच्याइतकं गोड शब्दांत नाही. दादा, मानधनाचं मला सुचायला हवं होतं. सहलीऐवजी तेच मागू.

फळा-खडू
कथा निम्म्या करायला मी अजून तयार नाही. पण अस्तंब्यावर दहा गुणांचा प्रश्न काढून दाखव, जो नोट्स पाठ करून सुटणार नाही आणि मला प्रामाणिकपणे तपासता येईल.

तापीकाठची
'सौप्तिकपर्वातला शापाचा उतारा सोबत दिला आहे. त्यातली कोणती अट अस्तंब्याच्या यात्रेत मोडते आणि कोणती टिकते, ते उताऱ्यातल्या ओळी दाखवून लिहा.' ओळी दाखवल्याचे सहा, मांडणीचे चार. चालेल का सर?