अनुभव धागा : नाताळ, घर आणि न मोजलेली प्रीती

धागाकर्ता

आगमनकाळ (नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ) लागला की चर्चमध्ये गव्हाणीतल्या बाळाची गाणी बसवली जातात आणि नेमकी तेव्हाच घरी धुसफुस वाढते. कोण किती राबलं, कुणाकडचे पाहुणे किती दिवस राहिले, कुणाच्या भेटवस्तूला किती लागले. ज्या सणाचा गाभा ख्रिस्ताने ‘स्वतःला रिक्त केले’ (फिलिप्पै २:७) हा, तोच नवराबायकोच्या हिशेबाचा महिना होऊन बसतो.

तेव्हा जाणकारांना आमंत्रण. आठवणी नकोत, त्यासाठी दुसरा धागा काढू. इथे फक्त काय करायचं, किती, कधी, आणि कुठे फसतं ते लिहा.

रंधा

सुरुवात योसेफापासून करू. मत्तय १:१८-२५. तिथलं वाग्दान म्हणजे आजचा साखरपुडा नव्हे. यहुदी रिवाजात वाग्दान झालं की ती कायद्याने पत्नीच, मोडायचं तर सूटपत्र, म्हणजे घटस्फोटाचा कागद, द्यावं लागे. म्हणून तर १९व्या वचनात नांदायला येण्याआधीच योसेफाला ‘पती’ म्हटलंय. मरीया नांदायला येण्याआधीच गरोदर असल्याचं दिसलं तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा होत्या, चारचौघांत आरोप किंवा गुपचूप सोडणं. पहिलीत त्याचं स्वतःचं नाव स्वच्छ राहिलं असतं. त्याने ती सोडली, आणि तीही देवदूताचं स्वप्न पडायच्या आधी, म्हणजे खरं काय ते कळलेलं नसताना. प्रवचनात घाईने देवदूताकडे जातात आणि हा मुद्दा हातचा जातो.

चारही शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्राची बायबलमधली पुस्तकं) योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. झोपेतून उठतो आणि करतो.

याचं घरगुती रूप : पाहुण्यांसमोर जोडीदाराची चूक सुधारायची नाही. ‘हिने सांगितलंच नाही’ऐवजी ‘राहून गेलं आमच्याकडून’. वाद पेटायला लागला तर ‘यावर उद्या सकाळी नऊला बोलू’. नऊ म्हणजे नऊ. वेळ न सांगितलेला ‘उद्या’ म्हणजे टाळाटाळ असते आणि समोरच्याला ती लगेच कळते. सकाळी बोलताना आदल्या वर्षीचा नाताळ काढायचा नाही, एवढं पथ्य पुरे.

वात

आगमनचक्राबद्दल (हिरव्या डहाळ्यांचं कडं, त्यात दर रविवारी एक-एक वाढवत पेटवायच्या मेणबत्त्या), कारण घरी ते सगळ्यात जास्त बिघडतं.

मूळ चक्र १८३९चं, हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिक विखेर्न यांनी गरीब मुलांच्या आश्रमात लावलेलं. नाताळ किती दिवसांवर आला हे मुलांना मोजता यावं म्हणून रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लाल. आता चारच उरल्या. तीन जांभळ्या, तिसऱ्या रविवारची गुलाबी, आणि काही ठिकाणी मध्यभागी नाताळच्या रात्रीची पांढरी. चारही लाल लावल्या म्हणून काही अडत नाही.

हिशेब असा. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये पडतो, त्यामुळे आगमनकाळ २२ ते २८ दिवसांचा. २०२२मध्ये पूर्ण २८ होते. २०२८मध्ये चौथा रविवारच २४ डिसेंबरला आहे, म्हणजे २२. रोज पंधरा मिनिटं धरली तर पहिली मेणबत्ती साडेपाच ते सात तास जळणार, चौथी एखाद्या वर्षी जेमतेम पंधरा मिनिटं. म्हणून आठ तास टिकणाऱ्या घ्या. उंची कमीजास्त दिसते, दिसू द्या. सारखी दिसावी म्हणून मेणबत्त्यांच्या जागा बदलत बसणारे लोक असतात. त्यांना माझा नमस्कार.

डहाळ्या आठवड्यात सुकतात आणि ज्योतीजवळ सुकी पानं म्हणजे आगीला आवतण. दर शनिवारी बदला, ज्योत आणि पान यांत चार बोटं अंतर ठेवा, खाली धातूचं ताट. मेण सांडलं तर पुसू नका. गरम मेण पुसलं की कापडात मुरतं. गोठू द्या, कडा पांढरट दिसू लागली की नखाने उचला, पापुद्रा अख्खा निघतो.

आणि विधी सात मिनिटांच्या पुढे नको. एक उतारा, एक मिनिट शांतता, मग प्रत्येकाचं एकच वाक्य : आज घरातल्या कुणी माझं कोणतं ओझं उचललं. स्वतः काय केलं ते सांगायचं नाही. दिवसभर उभं राहिलेल्या माणसाने या वेळी बसायचं. पेटवणं, विझवणं, आवरणं दुसऱ्याकडे. हे पाळलं नाही तर चक्र म्हणजे त्याच माणसाचं आणखी एक काम.

पानखूण

डिसेंबरच्या १ तारखेपासून लूकचं शुभवर्तमान रोज एक अध्याय, २४ अध्याय, २४ दिवस. कल्पना छान, पण दोन ठिकाणी घसरते. पहिल्याच दिवशी ८० वचनांचा अध्याय येतो आणि मुलं कंटाळतात. तो चार भागांत करा : १-२५, २६-३८, ३९-५६, ५७-८०. यासाठी २८ नोव्हेंबरला सुरुवात करा, म्हणजे दुसरा अध्याय बरोबर २ डिसेंबरला लागतो. दुसरी घसरण, २४ तारखेला तुम्ही पुनरुत्थानापाशी पोचलेले असता आणि बाहेर जन्माची गाणी. त्या रात्री २:१-२० पुन्हा वाचायचं. मोठ्याने तीनेक मिनिटं लागतात.

वाचणारा रोज वेगळा. नवरा-बायकोतल्या ज्याचा त्या दिवशी आवाज चढला असेल त्याने वाचू नये, असा काही घरांत नियम असतो. मला तो पटत नाही. उलट त्यालाच वाचू द्यावं.

रात्रपाळी

सरळ बोलते. निःस्वार्थ प्रीतीच्या नावाखाली घरातलं एकच माणूस राबत असेल तर ती प्रीती त्या एकाचीच, बाकीच्यांची सोय. आधी कामं मोजा.

पहिल्या रविवारी एक कागद घ्या, तीन रकाने करा : ठरवणं, लक्षात ठेवणं, करणं. प्रत्येक काम तिन्हींत लिहा आणि नाव घाला. उदाहरणार्थ, मुलांचे उपासनेचे कपडे. कोणते हे ठरवणं एक, मापाला होतात का ते दहा दिवस आधी आठवणं दुसरं, धुऊन इस्त्री करणं तिसरं. भांडणं ‘करणं’ या रकान्यावरून होतात, पण ओझं मधल्या रकान्याचं असतं. तिथे बहुतेक घरांत एकच नाव वरून खालपर्यंत दिसतं. ते दिसलं की अर्धं काम झालं.

मग कामं तिन्ही रकान्यांसकट द्या. नुसतं ‘करणं’ दिलं की समोरचा विचारत राहतो, ‘आता काय करू?’, आणि ती मदत नसून आणखी एक देखरेख असते. उलट बाजूही आहे. काम दिल्यावर ज्याने दिलं त्याने मागे उभं राहून पडदा वाकडा लागला म्हणून सांगायचं नाही. वाकडा राहू दे.

गव्हाणीवाला

@रात्रपाळी, अंशतः असहमत. करिंथकरांस पहिलं पत्र १३:५, प्रीती ‘अपकार स्मरत नाही’. मूळ ग्रीक क्रियापद ‘लोगिझोमाई’ हिशेबाचं आहे, खात्यावर मांडणं. रकाने आखले की खातं उघडलंच.

त्यापेक्षा रिकामी गव्हाण. फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३मध्ये ग्रेच्चो इथे गव्हाण मांडली ती खऱ्या बैल-गाढवांसह. शुभवर्तमानात हे प्राणी नाहीत, ते जुन्या करारातल्या यशया १:३वरून आले. घरी पहिल्या रविवारी नुसती लाकडी गव्हाण ठेवायची, बाळ नाही, गवत नाही. बाजूच्या वाटीत गवताच्या काड्या, बोटाएवढ्या कापलेल्या. कुणासाठी गुपचूप काही केलं तर एक काडी गव्हाणीत. २४च्या रात्री त्यावर बाळ.

फसतं ते असं. मुलं काड्या मोजतात, ‘माझ्या नऊ’. म्हणून सगळ्यांच्या काड्या एकाच रंगाच्या, टाकायची वेळ सगळे झोपल्यावर किंवा खोलीत कुणी नसताना, आणि कोण टाकतंय हे विचारायला बंदी. एखाद्या मुलाने मूठभर काड्या एकदम ओतल्या तर ओतू द्या. आणि मोठ्यांनी ‘काडी टाकलीस का?’ हे वाक्य डिसेंबरभर उच्चारायचं नाही. ते उच्चारलं की त्या दिवसापासून तो गृहपाठ.

रात्रपाळी

@गव्हाणीवाला, त्या वचनात अपकार मांडत नाही असं आहे. कामं मांडत नाही असं नाही. कागद सणाआधी लिहायचा, सणानंतर काढून दाखवायचा नाही. २५ला सकाळी फाडून टाका हवं तर. काड्यांचं आवडलं. पण वाटीतल्या काड्या कापणार कोण, तेही कागदावर येऊ द्या.

रंधा

:) मान्य.

समास

इफिसकरांस पत्र, अध्याय ५बद्दल लिहायलाच हवं, कारण नाताळात कुटुंब एकत्र जमलं की कुणीतरी २२वं वचन काढतं, पत्नींनी पतीच्या अधीन असावं हे. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत २२मध्ये ‘अधीन असा’ हे क्रियापद स्वतंत्र नाहीच. ते २१वरून येतं, आणि २१ म्हणतं ‘एकमेकांच्या’. २५ पतीला सांगतं, ख्रिस्ताने मंडळीसाठी (म्हणजे चर्चसाठी) स्वतःला दिलं तशी प्रीती कर. २१ सोडून २२ वाचणाऱ्याला शांतपणे २१ वाचून दाखवा.

दुसरी गोष्ट या धाग्यावर कुणीतरी स्पष्ट म्हणायला हवी. मारहाण, धमकी, पैसे अडवणं, घराबाहेर जाऊ न देणं हे सोसणं म्हणजे निःस्वार्थ प्रीती नव्हे. तिथे काड्या आणि मेणबत्त्या नकोत. आधी सुरक्षित जागा, मग बाकीचं. पाळकाला सांगूनही ‘प्रार्थना कर, सांभाळून घे’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसऱ्या माणसाकडे जायचं. बाळाच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजापुढे योसेफही थांबला नाही, रात्रीच उठून निघाला (मत्तय २:१४).

तीन महिने

आजारी, बाळंतीण, नुकतंच कुणी गेलेलं घर. लूक १:५६ पाहा : मरीया आपली नातलग अलीशिबा हिच्याजवळ ‘सुमारे तीन महिने’ राहिली आणि घरी परतली. गेली तेव्हा गरोदर अलीशिबेला सहावा महिना होता. तिने गरजेची वेळ धरली आणि मुदत संपल्यावर निघालीही.

‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य टाळा, त्यात मागण्याचं ओझं दुखावलेल्या माणसावर पडतं. त्याऐवजी वार, तास आणि काम सांगा : ‘मंगळवारी चार ते सात मी आजोबांपाशी बसते, तुम्ही दोघं बाहेर जा.’ नाताळच्या रात्री चर्चला जायचं असेल तर रुग्णापाशी कोण थांबणार हे आठवडाभर आधी ठरवा, नाहीतर दरवर्षी एकच माणूस ‘माझं काय, मी टीव्हीवर बघेन’ म्हणतं. पाळी लावा. आणि कुणी गेल्यानंतरचा पहिला नाताळ असेल तर त्या माणसाचं नाव प्रार्थनेत एकदा मोठ्याने घ्या. सगळे टाळत राहिले की खोलीत तेच एक नाव उरतं.

दोन पारवे

भेटवस्तूंचं थोडक्यात. लूक २:२४ : योसेफ-मरीयेने होले किंवा पारव्यांची जोडी वाहिली. लेवीय १२:८प्रमाणे ती सोय कोकरू न परवडणाऱ्यांसाठी. म्हणजे हात आखडता होता आणि तो लपवला नाही. नवराबायकोंनी वरची मर्यादा नोव्हेंबरातच ठरवावी आणि दोघांनीही पाळावी. गुपचूप मोडणारा उदार ठरतो आणि पाळणारा कंजूष, मग धुसफुस. मोठ्या कुटुंबात चिठ्ठ्या टाका, प्रत्येकी एकच नाव. घेणाऱ्याचं काम वाढवणारी वस्तू भेट म्हणून देऊ नये.

उंबरा

जोडीदार ख्रिस्ती नसेल किंवा विश्वास उरला नसेल तर : करिंथकरांस पहिलं पत्र ७:१२-१४ अशा संसाराला तोडायला सांगत नाही. आधी नेमकं सांगा, उपासना किती वेळाची, कधी उठायचं-बसायचं, कशात भाग न घेतला तरी चालतं. प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारस घेण्याच्या) वेळी जागेवर बसून राहणं अगदी चालतं. श्रद्धा असल्याचा अभिनय मागू नका. घरच्या प्रार्थनेत जोडीदाराच्या ‘बदलासाठी’ त्याच्यासमोर मोठ्याने विनंती करणं तर अजिबात नको.

वात

एक राहिलं. सण २५ला संपत नाही, प्रकटीकरणाचा सण (एपिफनी) ६ जानेवारीला. तेव्हा आवरायचं. काड्या न मोजता मातीत घाला. मेणबत्त्यांची थोटकं, गव्हाण, ताट एका खोक्यात, वर लेबल : काय आहे, काय संपलं, काय आणायचं. लेबल त्याने लिहायचं ज्याचं नाव मधल्या रकान्यात सगळ्यात कमी वेळा आलं होतं.