‘साइट कशी वाटली?’ हा प्रश्नच विचारू नका

छोट्या व्यवसायाची साइट लोकांना दाखवून कशी तपासावी, या प्रश्नावर बहुतेकांनी रंग आणि लोगोबद्दल लिहिलंय, पण अशी साइट सहसा तिथे अडत नाही. ‘कशी वाटली?’ विचारलं की ओळखीची माणसं ‘छान आहे’ म्हणून मोकळी होतात. त्याऐवजी काम द्या: ‘रविवारी दुकान उघडं असतं का ते शोधा’, ‘या वस्तूची चौकशी पाठवा’. फोन त्यांच्या हातात, तुम्ही शेजारी गप्प. बोट कुठे थबकतं, कुठून मागे फिरतात, तेवढं टिपून घ्या. मध्येच मदत केलीत की चाचणी वाया गेली. वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांनी २००० सालीच मांडलं होतं की पाच जणांत बहुतेक अडचणी उघड्या पडतात. माझ्या मते तिघांनंतरच दुरुस्ती करावी आणि मग नवे तिघं बसवावेत.

चौकशीचा फॉर्म मात्र बारकाईने बघाच. रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर आयफोनवर बोट लावताच पान आपोआप मोठं होतं, उजवी कड बाहेर जाते आणि ‘पाठवा’ बटण दिसेनासं होऊ शकतं. रकान्याचं नाव फक्त आतल्या फिकट अक्षरांत असेल तर टाइप करताच ते गायब होतं. म्हणून ते वर, बाहेर लिहा. फोन नंबरच्या रकान्याचा प्रकार साइटच्या कोडमध्ये ‘टेल’ (tel) ठेवा, म्हणजे थेट आकड्यांचा कीपॅड उघडतो.

आणि पांढऱ्यावर राखाडी मजकूर असेल तर तो गडद कराच. कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५:१ हवा, नाहीतर उन्हात काहीच वाचता येणार नाही.