ब्रेझा: चेहऱ्यापेक्षा इंजिनाचा फरक मोठा

मारुतीच्या नव्या, म्हणजे २०२२ च्या ब्रेझात फक्त चेहरा बदलला, गाडी तीच, असं काही जण म्हणतात ते मापापुरतं खरं आहे, लांबी ३९९५ मिमी अन व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २५०० मिमी दोन्ही पिढ्यांत सारखाच. पण खरा बदल त्याच्या आधीच होऊन गेला होता, इंजिनात. २०१६ ला विटारा ब्रेझा आली ती फक्त १.३ लिटर डिझेलमध्ये, २०० एनएम टॉर्क (चाक फिरवायचा जोर) अन तोही १७५० आरपीएमलाच, म्हणजे इंजिन मिनिटाला एवढे कमी फेरे घेत असतानाच. २०२० ला बीएस६ या धुराच्या कडक नियमांमुळे डिझेल गेलं, १.५ लिटर पेट्रोल आलं, त्याचा टॉर्क १३८ एनएम, तोही ४४०० आरपीएमला, म्हणजे जोरात रेस दिल्यावरच. २०२२ च्या दुसऱ्या पिढीतही साधारण तेवढाच.

शहरात हा फरक जाणवणारही नाही, पण आमच्याकडं पावसाळ्यात वावराकडं जायची पांदण म्हणजे काळ्या मातीचा नुसता चिखल, तिथं जोरात रेस दिली की चाक जागेवरच फिरते अन माती टायरच्या खाचांत गच्च बसते. आमची जुनी डिझेल दुसऱ्या गिअरमध्ये, मागं सरकीची पोती असली तरी हळूहळू निघून जाते. नव्या गाडीत २०२२ ला वरच्या मॉडेलला सहा एअरबॅग आल्या हे फार चांगलं झालं, ते मान्यच. पण आमच्या भागातले लोक अजूनही जुनी डिझेल ब्रेझा शोधत नागपूर-अमरावतीपर्यंत जाऊन राहिले.