मदत हवी आहे: सिंक्रोनेटवर सहायकाला मर्यादित अधिकार कसे द्यायचे?

नमस्कार मंडळी. इंदूरला हौसेखातर सिंक्रोनेट या सॉफ्टवेअरवर बीबीएस (लोक दुरून जोडून संदेश वाचतात-लिहितात तो संगणकी फलक) चालवतोय. फोनलाइन फायबरवर गेल्यापासून मोडेमचं काही जमत नाही, म्हणून जोडणी इंटरनेटवरून, टेलनेटने.

मी गावाला गेलो की भाच्याने मराठी विभागातले फालतू संदेश पुसावेत, एवढंच हवंय. त्याची सुरक्षा पातळी ९० केली तर तो थेट सिसॉपच (अख्ख्या बीबीएसचा चालक) होतो. अर्धविरामाने सुरू होणारे चालकाचे हुकूम हाती येतात, शिवाय लॉगिनला सिस्टम पासवर्ड मागतो आणि तो मला कुणालाच द्यायचा नाही. (भाचा गुणी आहे, पण हात शिवशिवतात त्याचे.) पातळी ८० ठेवली तर दुसऱ्यांचे संदेश पुसता येत नाहीत.

त्या विभागाच्या ऑपरेटर अटीत (विभागाची देखरेख कोण करेल ते ठरवणारी अट) पहिल्या संचातला एम फ्लॅग, म्हणजे वापरकर्त्याच्या खात्याला लावायची अक्षरखूण, टाकला, भाच्यालाही तोच दिला. सर्व्हर बंद-चालू केला, त्याने पुन्हा लॉगिन केलं. तरी त्याला दुसऱ्यांचे संदेश पुसता येत नाहीतच. फ्लॅगशिवाय त्याला आणखी काही सूट द्यावी लागते का?