ड्रम्सचा तो आवाज

‘ऐंशीच्या दशकातलं पॉप म्हणजे नुसता सिंथेसायझरचा कारभार, हाताने वाजवणारं कुणी नव्हतंच’ असं कुणीतरी म्हटलं, ते अजिबात पटलं नाही. ब्रिटिश गायक आणि ड्रमर फिल कॉलिन्सचं ‘इन द एअर टुनाइट’ (१९८१) हे गाणं घ्या. सुरुवातीला ड्रम मशीनच टिकटिकत असतं, खरंय. साडेतीन मिनिटांहून जास्त वेळ तो आपल्याला ताटकळत ठेवतो, आणि मग ते ड्रम्स कोसळतात! कितीही वेळा ऐकलं तरी त्या जागेला माझे हात आपोआप टेबलावर पडतात.

त्या आवाजाची जन्मकथाही भारी आहे. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत गायक पीटर गॅब्रिएलच्या १९८० च्या अल्बमचं काम चालू होतं, ड्रम्सवर कॉलिन्सच. वादकांचं बोलणं कंट्रोल रूममध्ये ऐकू यावं म्हणून जो माइक असतो ना, त्यातून ड्रम्स अचानक प्रचंड मोठे ऐकू आले. ध्वनिमुद्रक ह्यू पॅजमने तो आवाज पकडला आणि त्याचं घुमणं विरायच्या आत कापून टाकलं. धाडकन ठोका, की लगेच शांतता. पुढे दशकभर कितीतरी जण त्याच आवाजामागे धावले.

हेडफोन लावून ऐका मात्र. मोबाइलच्या स्पीकरवर त्यातलं निम्मंही कळत नाही.