‘नाक चोंदणे’, ‘नाकात बोलणे’ आणि बंद नाकातला मामा

पुण्यातल्या एका कान-नाक-घसा दवाखान्यासाठी पालकांना द्यायची प्रश्नावली मराठीत करते आहे. आधीच्या मसुद्यात ‘मुलास नासिकावरोध आहे काय?’ असं होतं. पालक खुशाल ‘नाही’वर खूण करतात आणि मूल शेजारी आ वासून बसलेलं असतं! ‘नाक चोंदते का?’ लिहिलं तर चालेल? ‘चोंदणे’ आजच्या आईबाबांना कळतं का?

—

कळतं, पण भलतंच कळतं. आमच्या घरी नाक चोंदतं ते पडशाने, चार दिवसांत मोकळंही होतं. ज्याचं नाक बारा महिने बंद, त्याची आई ‘चोंदलंय’ म्हणत नाही. ‘त्याला तोंडाने श्वास घ्यायची सवयच आहे’ म्हणते. ‘तुंबणे’ मात्र नको, ते मोरीसाठी राहू द्या.

—

मी लहान मुलांच्या बोलण्यावर उपचार करते. माझं भांडण ‘नाकात बोलतो’ या शब्दांशी आहे. टाळू दुभंगलेली असेल तर हवा नको तिथे नाकातून निसटते आणि बोलणं गेंगाणं होतं. नाक मागून बंद असेल तर नेमकं उलटं: हवा नाकात जातच नाही. आपण दोन्हींना ‘नाकात बोलतो’ म्हणतो! हा फरक नुसता शब्दांचा नाही. नाकामागची ॲडेनॉइडची गाठ काढल्यावर बंद नाकाचं मूल मोकळं बोलू लागतं. पण टाळूत लपलेला दोष असेल, तर तीच गाठ काढल्यावर बोलणं जास्त गेंगाणं होऊ शकतं. (प्रश्नावलीत नुसतं ‘टाळू’ लिहू नका हो. पालक बाळाच्या डोक्यावर हात ठेवतात.)

बंद नाक ओळखायला मी मुलाला ‘मामा’, ‘नाना’ म्हणायला लावते. ‘बाबा’, ‘दादा’ ऐकू येतं.

—

वा! हे तर वर्णमालेतच आहे. पाणिनीने अनुनासिकाची व्याख्या ‘मुखनासिकावचनः’ अशी केली, म्हणजे तोंड आणि नाक दोन्हींनी उच्चारला जाणारा. त्यातून नाक वजा केलं की वर्गातलं पाचवं अक्षर तिसऱ्यावर येतं: म चा ब, न चा द, ण चा ड. आणखी एक गंमत पाहा. आई, बाबा, दादा, ताई, आजी, काका यांत एकही अनुनासिक नाही. घरच्यांना काही खटकणार कसं? मामा किंवा मावशी आल्यावरच लक्षात यायचं.

—

सदाशिव पेठेत ‘नाकात बोलतो’वर खूण मागाल तर सगळा वाडा करेल.

—

‘नाकातलं मांस वाढलंय’ हाही शब्दप्रयोग तपासा. कुणी तो ॲडेनॉइडला वापरतं, कुणी नाकातल्या बाजूच्या सुजलेल्या पडद्यांना, कुणी पॉलिपला, म्हणजे नाकाच्या आत लोंबणाऱ्या मऊ फुगवट्याला. ‘हाड वाढलंय’ म्हणजे बहुधा मधला पडदा वाकडा. ॲडेनॉइड तर नुसतं नाकात डोकावून दिसतही नाही, त्याला दुर्बीण किंवा मानेचा बाजूने काढलेला एक्स-रे लागतो. शिवाय ती गाठ साधारण वयाच्या ३ ते ७ वर्षांत जोरात असते आणि पौगंडात आक्रसत जाते. त्यामुळे तिशीच्या बापाने ‘मलाही तेच आहे’ म्हटलं तर तेच असेल असं नाही.

—

आणि ‘नाक’ एकवचनी आहे हे विसरू नका. ‘नाक वाहतं का?’ला ‘हो’ म्हटल्यावर काय कळलं? ‘कुठली नाकपुडी?’ विचारा. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर डॉक्टर आधी शेंगदाणा, मणी नाहीतर खडू शोधतात. खेळण्यातली बटणासारखी बॅटरी आत गेली असेल तर त्याच दिवशी पळावं लागतं. आमचे डॉक्टर नाकाखाली थंड स्टीलची पट्टी धरतात. श्वासाच्या वाफेचे दोन डाग पडतात, एक लहान, एक मोठा. नाकपुडीगणिक हिशोब!

—

सर्वांचे आभार. ‘नासिकावरोध’ गेला. आता प्रश्न असे आहेत: रात्री तोंड उघडं ठेवून झोपतो का? सर्दी नसतानाही घोरतो का? झोपेत श्वास मध्येच अडकतो का? घास चावताना श्वासासाठी थांबतो का? एकच नाकपुडी वाहते का? ‘आ वासून’ लिहिलं होतं, पण एक आजी रागावल्या, ‘आमचा नातू काय मगर आहे?’ म्हणून ‘उघडं’ केलं. ‘मामा म्हणून दाखव’ हे मात्र कागदावर न ठेवता डॉक्टरांच्या खोलीत ठेवलं आहे.

—

ताई, ‘घोरतो का’च्या पुढे ‘कोण’ ते लिहा. आमच्याकडे बाबांनी स्वतःचंच उत्तर भरलं होतं.