दिवसा औषधांची खोकी, रात्री तलवारवाली: फॅन आर्ट विकावी का?

रेघ_बडोदा:
नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली. मकरपुऱ्यात एका छपाई कारखान्यात औषधांच्या खोक्यांची डिझाइन्स करते, अकरा वर्षं झाली. बारकोड कुठे बसवायचा, अक्षरं किती मिलिमीटर ठेवायची, घडी कुठे पडते, चिकटवायची पट्टी किती सोडायची. घर त्यावर चालतं आणि कामात मी चोख आहे.

रात्री मुलगी झोपली की जेवणाच्या टेबलावर माझा दुसरा उद्योग सुरू होतो. कॉलेजात असताना एका जपानी चित्रमालिकेतली तलवार चालवणारी मुलगी माझ्या मनात बसली ती बसलीच. आधी तिची हुबेहूब नक्कल करायचे. चाहत्यांनी काढलेल्या अशा चित्रांनाच फॅन आर्ट म्हणतात. मग एकदा तांबेकर वाड्यात गेले. भिंतींवर, दारांवर रंगवलेले कृष्णकथेतले प्रसंग, मध्येच गोऱ्या साहेबांच्या आकृत्या. लहानपणापासून चारदा पाहिलेलं ते सगळं, पण त्या दिवशी वाटलं, ही पोरगी इथे राहायला आली तर?

त्यातून चोवीस चित्रं झाली. एकात ती लाकडी सज्जात मांडी घालून सेव-उसळ खातेय, बोटांना लाल तर्री लागलीय, तलवार खांबाला टेकवून ठेवलीय. ते बोट जमायला मला तीन रात्री लागल्या. तर्री नुसती लाल दाखवली की रक्त वाटायचं. कडेला तेलाची पिवळी रेघ आली तेव्हा कुठे ती उसळ झाली.

आता अलकापुरीतल्या एका दुकानदारांनी विचारलंय, पन्नास प्रिंट आणि स्टिकर द्याल का. त्याच आठवड्यात माझे एक जुने शिक्षक म्हणाले, "दुसऱ्याच्या पात्रावर किती वर्षं घालवणार? स्वतःचं काहीतरी कर." ते मला फार लागलं. म्हणून दोन गोष्टी विचारते. हे विकता येतं का? आणि इतकी वर्षं खरंच वाया गेली का?

कागदपत्र_इंदूर:
ताई, विकण्याबद्दल सांगतो. पात्र मूळ चित्रकाराचं किंवा प्रकाशकाचं. घरी सरावासाठी, स्वतःच्या आनंदासाठी काढायला कोणी अडवत नाही. प्रिंट आणि स्टिकर विकायचे तर लेखी परवानगी हवी. टोकियोत १९७५ पासून कॉमिकेट नावाची चित्रकथांची जत्रा भरते, तिथे चाहते आपली पुस्तकं उघडपणे विकतात आणि बहुतेक प्रकाशक काणाडोळा करतात. पण काणाडोळा म्हणजे परवानगी नव्हे, आणि बडोद्यातल्या दुकानाला त्याचा आधार घेता येणार नाही.

आपल्याकडे चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली. तुमच्याच कीर्ती मंदिरातली भित्तिचित्रं नंदलाल बोसांची. ते १९६६ साली गेले, म्हणजे हिशेब २०२६ अखेरपर्यंत जातो. वाड्याची इमारत मात्र खुशाल काढा, वास्तूचं चित्र काढून विकायला कायद्याची मुभा आहे.

जुना_विद्यार्थी:
बेटा, तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. मी बडोद्याच्याच फाईन आर्ट्स कॉलेजचा, सत्तरच्या दशकातला.

माझ्या आजीच्या देवघरात रविवर्मा प्रेसची लक्ष्मी होती. आजीने त्या छापील चित्रावर खरी जर टाचली होती. काठाला जर, पदरावर टिकल्या, गळ्यात बारीक मणी. सुई कागदातून आरपार गेलेली, मागच्या बाजूला गाठींची रांगच रांग. लहानपणी मी चित्र उलटं करून त्या गाठी बघत बसायचो. असं जर-टिकल्या लावून चित्र सजवणाऱ्या बायका त्या काळी कितीतरी घरांत होत्या. लक्ष्मी रविवर्म्यांची, पण जरीचा काठ आजीचा. ते चित्र पाहून "हे दुसऱ्याचं" असं आमच्या घरात कधी कोणी म्हटलं नाही.

आणि कामाव्यतिरिक्तचं काम म्हणजे हलकं काम, हे मनातून काढून टाक. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या मोठ्या चित्रकाराने आमच्या कॉलेजच्या फाईन आर्ट्स फेअरसाठी लाकडाची, चामड्याची, मण्यांची खेळणी केली. आज ती खेळणी लोक त्यांच्या चित्रांइतक्याच आदराने बघतात.

तुझ्या शिक्षकांशी मी अर्धाच सहमत आहे. नक्कल करून हात तयार होतो, ती वर्षं वाया जात नाहीत. पण एक करून बघ. चोवीसही चित्रं जमिनीवर मांड. प्रत्येकात त्या मुलीवर कागदाचा तुकडा ठेव. मग उरलेलं चित्र नीट बघ आणि इथे येऊन सांग.

ग्वाल्हेरची_शाई:
माझा अनुभव सांगते, ताई. मी चाहत्यांसाठी मागणीवर पात्रं काढून द्यायला लागले. तीन महिन्यांत रात्रीचं टेबलही ऑफिस झालं. ज्या पात्रासाठी जीव टाकायचे तिचा चेहरा समोर आला की नकोसं वाटायचं. आता मागणी घेत नाही, पुन्हा मजा येतेय. तुम्ही विका किंवा नका विकू, पण थोडं तरी काम असं ठेवा ज्याला गिऱ्हाईक नाही.

रेघ_बडोदा:
काका, काल रात्री मांडली चित्रं. मुलगी जागीच होती, कागदाचे तुकडे तिनेच कापले.

सतरा चित्रांत काहीच कमी झालं नाही. सज्जा, जिना, अंगणात वाळत घातलेलं नऊवारी, सगळं उभं राहतं. आणि मला कधी कळलंच नव्हतं, पण नऊ चित्रांत मागे कोपऱ्यात एक म्हातारी तांदूळ पाखडत बसलीय. ती माझी आजी. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, ती दोऱ्याची गाठसुद्धा मी प्रत्येक वेळी काढलीय. मुलगी म्हणाली, "आई, हिची गोष्ट काय?" मला रडूच आलं.

दुकानदारांना सकाळी फोन केला. तलवारवाली विकायला देणार नाही, ती माझ्या वहीतच राहील. आजीची चित्रं नव्याने काढून दाखवते म्हटलं. ते म्हणाले, आधी पाच आणा, बघू. परवानगीची भानगड आधीच कळली ते फार बरं झालं, इंदूरच्या दादांचे आभार.

एकच अडलंय. आजीच्या हातातल्या सुपाची वीण जमत नाहीये. कांबट्या कुठे तिरक्या जातात आणि काठाशी कशा वळतात ते आठवत नाही, आणि घरात आता प्लॅस्टिकचं सूप आहे. कोणाकडे बुरडाकडचं जुनं सूप असेल तर वरून एक आणि काठाचा जवळून एक फोटो पाठवाल का?